तिरपं कोणाचं करायचं

११ जानेवारी, चंद्रपूर

ही वही दिवाळीनंतर लगेच घेतली होती, गडचिरोलीच्या बसस्टँडसमोर. रोज लिहू, मन हलकं होईल, असं वाटलं होतं. नाही लिहिलं. आधी पेन नव्हता. पेन मिळाला तर वही सुरजच्या दुकानात कागदांच्या गठ्ठ्याखाली. वही सापडली त्या दिवशी एकाच्या गाडीवर मागे बसून घुग्घूसला गेलो आणि तिकडंच राहिलो. पण खरं सांगू का, लिहायला बसलो की पहिलं वाक्य तेच येणार होतं आणि ते मला लिहायचं नव्हतं. रंजीता माझ्याशी बोलत नाही.

झालं. लिहिलं. आभाळ नाही पडलं.

आज वही उघडली ती बिरजूच्या फोनमुळे. बिरजू म्हणजे रंजीताचा मोठा भाऊ. कुरखेड्याच्या पुढं आत जंगलात त्यांचं गाव, तिथल्या ग्रामसभेचं कुरखेड्यातलं ऑफिस तो बघतो. तो फोनवर 'कसा आहेस' वगैरे विचारत नाही.

"विक्की, मार्चात आईचा दगड उभा करून राह्यलो. ते पान झालं का?"

आई म्हणजे सोमारीबाई. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. त्यांच्या गोंड लोकांत माणूस गेलं की सवडीनं त्याच्या नावाचा दगड उभा करतात, गावाबाहेर वाटेच्या कडेला. सगळे सोयरे येतात, पंगत बसते. आणि पान म्हणजे इंटरनेटवरचं पान. मागच्या वर्षी मोहाची फुलं पडायच्या दिवसांपासून पावसाळ्यापर्यंत रंजीतानं आईला जंगलात फिरवून बोलायला लावलं, मोबाईलमध्ये आवाज भरला. कोणतं झाड, कोणतं फूल, कोणती भाजी. त्याचं पान मी करायचं ठरलं होतं. अर्धं केलं. मग दिवाळी झाली.

"रंजीतानं सांगितलं का फोन करायले?"

"नाई. मी करून राह्यलो."

"तिले माहीत आहे?"

"तू पान कर बे," म्हणाला आणि ठेवला.

मी हो म्हणालो. म्हणजे त्यानं ठेवल्यावर म्हणालो.

१९ जानेवारी

पठाणपुऱ्यात सुरजचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर आणि मागच्या टेबलावर वेबसाइटा. मी माळ्यावर झोपतो आणि खाली त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करतो. कोड लिहायला त्यानंच शिकवलं. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं ते चांगलंच झालं म्हणायचं, तिथं हे शिकवत नव्हते.

पान आज बरंच सजवलं. सोमारीबाईच्या बोलण्यात गोंडी शब्द येतात. झाडाला मरा, फुलाला पुंगार, पाण्याला येर. ते सगळे मी तिरपे केले. तिरपी अक्षरं मला आवडतात. आपल्या अक्षरांची वरची रेघ सरळ राहते आणि खालचं सगळं कलतं, दोरीवरचे कपडे वाऱ्यात कलतात तसं. मग रंजीतानं लिहिलेली वाक्यंही थोडी तिरपी केली. मग मथळा.

सुरज पत्रिकांचा गठ्ठा बांधता बांधता मागून बघत होता.

"हे काऊन वाकडं केलं?"

"चांगलं दिसते."

"चांगलं दिसाले करायचं तर स्टाईलच्या फाईलमध्ये कर. टॅग काऊन लावला? टॅग म्हणजे तू वाचणाऱ्याले काहीतरी सांगून राह्यला. काय सांगून राह्यला?"

मग त्यानं गठ्ठा खाली ठेवला आणि समजावलं. पहिल्यांदाच नीट समजलं, म्हणून लिहून ठेवतो. अक्षर तिरपं करणारे दोन टॅग, म्हणजे कोडातल्या खुणा, आहेत. ईएम लावायचा तो जिथं बोलणाऱ्याचा दाब पडतो तिथं. 'मी जाणार' आणि 'मी जाणार', शब्द तेच, पण दाब 'मी'वर की 'जाणार'वर यानं भांडण होऊ शकतं. आय लावायचा तो जिथं आवाजच बदलतो तिथं. मधेच दुसऱ्या भाषेतला शब्द आला, कोणी मनात बोललं, झाडाचं शास्त्रातलं नाव आलं. म्हणजे मोहाच्या खाली मधुका लाँगिफोलिया असं येईल, ते आय.

"पान मोबाईलनं वाचून दाखवलं तर तिरपं ऐकू येते का? नाई. खाली खूण पाहिजे, हे काय आहे म्हणून," सुरज म्हणाला. "पत्रिकेत चालते, तिथं सगळंच वाकडं असते."

मथळा सरळ केला. गोंडी शब्द तिरपेच ठेवले, नियमात बसतात ते. दुसऱ्या भाषेतले आहेत.

२१ जानेवारी

काही केलं नाही. इरईच्या पुलावर उभा राहून एक माणूस म्हशी धुताना बघत होतो. त्यानं विचारलं, म्हैस घेतो का. मी किंमतही विचारून आलो.

२७ जानेवारी

दिवाळीचं आज लिहितो. लिहिल्यावर तरी समजेल काय बिनसलं ते.

रंजीताला आमच्या घरी घेऊन गेलो, चामोर्शीजवळ. आमची धानाची शेती. बाबा नाहीत, आई एकटी बघते. आईनं किती केलं! अंगण सारवलं. वडे, खीर, वास्त्यांचं म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचं लोणचं. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. मी सगळ्यांना ओळख करून दिली, "हे रंजीता. गोंडाची आहे, पण एमए झाली." बाया म्हणाल्या, वाटत नाई बापा. मला इतका अभिमान वाटला.

जेवायला बसलो. आमच्या घरी सगळ्या ताटांवर नावं कोरलेली आहेत, आजोबांचं, बाबांचं, माझ्या बारशाचंसुद्धा. रंजीतासाठी आईनं नवं ताट काढलं, स्टिकर तसाच होता त्यावर. एवढा मान कोण देतं? जेवण झाल्यावर रंजीता ताट उचलायला लागली तर आई म्हणाली, "राहू दे बाई, तू पाहुणी." स्वतः उचललं आणि बाहेर न्हाणीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. नवं आहे, बाकीच्या भांड्यांत घासून ओरखडे पडतील म्हणून ठेवलं असेल.

परतताना आरमोरीपर्यंत मी एकटाच बोललो. वैरागडला उतरायचं का, किल्ला बघू, असंही म्हटलं. आरमोरीला तिनं विचारलं,

"ते ताट आता कुठी असंन?"

"कोणतं?"

"ज्याच्यात मी जेवली."

"असंन घरी. काऊन?"

"काही नाई."

पुढच्या आठवड्यात तिनं सांगितलं, नको आता. कारण विचारलं तर म्हणाली, तुले दिसलं नाई ना, हेच कारण.

लिहून झालं. तरी समजलं नाही. आईला फोन करून ते ताट कुठं आहे विचारावं असं एकदा वाटलं. पण ताटासाठी कोण फोन करतं.

६ फेब्रुवारी

ईएम लावायचं म्हणजे आवाज ऐकावा लागतो. रंजीतानं बाईचं बोलणं लिहून दिलंय, पण दाब कागदावर येत नाही. म्हणून कानाला लावून बसतो, पुन्हा पुन्हा. बाईचा आवाज खरखरीत, मधेच खोकला, मागं कोंबडा.

"मोह वेचाले जायचं तर पुंगार पडायच्या आधी नाई जायचं. झाडानं देल्ल्यावर घ्यायचं." इथं दाब 'झाडानं' वर आहे. सुरजनं ऐकलं, तो म्हणाला 'देल्ल्यावर' वर आहे. आम्ही भांडलो. एक गिऱ्हाईक पत्रिका घ्यायला आलं होतं, त्यानंही ऐकलं. तो म्हणाला, दोन्हीवर आहे, बाई जोरातच बोलते.

वास्त्यांच्या भाजीची फाईल सगळ्यात लांब आहे. कोवळे वास्ते कसे चिरायचे, पाण्यात किती ठेवायचे. रेसिपी संपल्यावर रंजीता मोबाईल बंद करायला विसरली. त्या दिवशी पानासाठी म्हणून आईला मराठीत बोल सांगितलं होतं, तर पुढचंही मराठीतच चालू राहिलं. वास्ते चिरल्याचा आवाज येत राहतो आणि मायलेकी बोलतात.

"तो पोरगा दिवाळीत घरी नेते म्हणे तुले?"

"हव."

"जेवू घालतीन तुले?"

"घालतीन ना, आई. काऊन नाई घालतीन?"

"घालतीन." मग नुसती चिरल्याची कचकच. मग बाई म्हणते, "कायच्यात घालतीन?"

रंजीता हसते. "तू पण ना, आई." आणि फाईल संपते.

हे पानावर जाणार नाही, कापायचंच आहे. तरी सवयीनं बघत होतो, दाब कुठं आहे. 'तुले' वर की 'कायच्यात' वर. चार-पाचदा ऐकलं. मग बाहेर जाऊन चहा प्यायलो. थंडी फार आहे आज.

१३ फेब्रुवारी

आईचा फोन. तिला वाटतं मी चंद्रपुरात नोकरी करतो. म्हणजे मी तसं सांगितलंय. काय करून राह्यला म्हणाली, तर वास्त्यांच्या भाजीचं काम आहे म्हटलं. कॉम्प्युटरवर फाईल लावून फोन स्पीकरजवळ धरला, थोडं ऐकवलं.

"असे नाई करत वास्ते," आई लगेच म्हणाली. "एवढं पाण्यात ठेवलं तर चव जाते. कोण हे बाई?"

"आहे एक. कुरखेड्याकडची."

"तिले विचार, पाणी किती वेळा बदलवते."

"आई, ती वारली. नऊ मार्चले दगड आहे तिचा."

आई म्हणाली, "मग तू सगळं पाठव मले. मी आयकतो सावकाश. मेलेल्या माणसासंगं भांडू नये, पण पाणी चुकलंच तिचं."

पाठवली फाईल. अजून कापली नव्हती, तशीच गेली अख्खी. कापलेली नंतर पाठवीन म्हटलं, राहून गेलं.

१६ फेब्रुवारी

आई फोन उचलत नाही. दोनदा केला. मग शेजारच्या रीताकाकूला लावला, ती म्हणाली, तुही आई सकाळपासून मोबाईल कानाले लावून बसली, काही आयकते, जेवली पण नाई. रेंज नसेल, म्हणून फाईल अडकत असेल. जुना मोबाईल आहे.

२२ फेब्रुवारी, कुरखेडा

आलो शेवटी. सरळ बस मिळत होती, पण वडशाला उतरलो, एकजण म्हणाला इथं मासे चांगले. मासे खाल्ले, बस गेली. मग टेम्पो.

बिरजूच्या ऑफिसात मोहाची पोती रचलेली आणि मधे टेबल. मी सुरजचा लॅपटॉप उघडून पान दाखवलं. आवाज लावून दाखवला. बिरजूनं आईचा आवाज ऐकला आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला. मग परत आला आणि वाचायला लागला, बोट ठेवून, हळूहळू.

"हे काऊन असं आहे?"

"काय?"

"हे. येर. वाकडं काऊन?"

मी नियम सांगितला. दुसऱ्या भाषेतला शब्द मधे आला की वाचणाऱ्याला खूण करायची, हा शब्द वेगळा आहे म्हणून.

"कोनाच्यासाठी वेगळा?"

"वाचणाऱ्यासाठी."

"मी वाचूनच राह्यलो ना बे. मले नाई वेगळा." तो चिडला नव्हता, हेच वाईट. बोट स्क्रीनवर तसंच. "पान कोनाचं आहे?"

"सोमारीबाईचं."

"मग तिच्याच पानात तिचं येर वाकडं आणि तुहं पाणी सरळ?"

मी म्हटलं, अरे नियम आहे, मी मानच दिलाय, शब्द उठून दिसावा म्हणून. हे म्हटलं आणि मला काऊन कोण जाणे घरची न्हाणी आठवली. ओट्यावर ते ताट, त्यावर ऊन. तेवढ्यात लाईन गेली आणि बिरजू पोती मोजायला निघून गेला.

२३ फेब्रुवारी

सकाळपासून पान उलटं केलं. गोंडी शब्दांवरचे आय काढले. कोडात आत भाषेची खूण ठेवली, हा शब्द गोंडी म्हणून, ती दिसत नाही, यंत्रालाच कळते. सगळे शब्द सरळ उभे राहिले. मग प्रश्न आला, या पानात दुसऱ्याचा आवाज कोणाचा? माझा. 'सोमारीबाई इथे जंगलातील जीवनाचे सुंदर वर्णन करतात' असं जिथं जिथं मी मधे घुसलो होतो, तिथं आय लावला. लावून बघितलं तर अर्धं पान तिरपं. इतका बोललो होतो मी? पुष्कळ काढून टाकलं. काढल्यावर काही कमी झालंय असं वाटेना, याचंही वाईट वाटलं.

दुपारी रंजीता आली. निळी ओढणी. माझ्याकडे बघून मान हलवली, परिचयाच्या माणसाला हलवतात तशी. बसली आणि पान वाचलं, वरून खालपर्यंत, आवाज सगळे ऐकले. मी पोत्यावर बसून नखं बघत होतो.

"हे थोडं तिरपं आहे ते कोणाचं?"

"माह्यं. जे मी लिहिलं ते."

ती हसली थोडी. "एवढंच? तू तं लय बोलते."

"काढलं."

"पान चांगलं झालं, विक्की. आई आहे त्याच्यात."

"मग?"

"मग काही नाई. पान चांगलं झालं."

मी म्हटलं, "एक वेळ आणखी चाल आमच्या घरी. आईले मी सांगतो."

"काय सांगशीन?"

मी तोंड उघडलं. वाक्य होतं कुठंतरी, जवळच होतं. नाही आलं.

ती उठली. "राग नाई आहे माह्या मनात. पण मी थकली आता. तुले दिसन म्हणून वाट पाहायचं काम माह्यानं नाई होत. दगडाच्या दिवशी ये, जेवून जा. त्याच्यापुढं नको."

ओढणी दाराच्या कडीत अडकली होती. मी सोडवायला उठलो तोवर तिनंच सोडवली.

२४ फेब्रुवारी

लिहायचं काही नाही. ओढणीचा एक निळा दोरा कडीला राहिलाय. कोणी काढला नाही. मीही नाही.

९ मार्च, रंजीताचं गाव

आज दगड. पहाटेच पुरुष टेकडीकडून खांद्यावर दगड घेऊन आले. मीही खांदा लावला, थोड्या वाटेपुरता. मोठा नाही, पण जड. सोयऱ्यांनी त्याला कपडे बांधले, एकावर एक, दगड दिसेनासा झाला. गावात रेंज नाही, म्हणून पान सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आधीच भरून ठेवलं होतं. म्हाताऱ्या बाया दगडाजवळ बसून ऐकत होत्या. एक म्हणाली, मोह वेचतानाही एवढी बोलत नव्हती सोमारी. सगळ्या हसल्या आणि मग तीच रडायला लागली.

रंजीता लांब होती. एकदाच जवळून गेली, हातात पळसाच्या पत्रावळींचा ढीग. "जेवाले थांबशीन ना," म्हणाली. परक्याला विचारतात तसं नाही, आपल्याला विचारतात तसंही नाही. मी हो म्हटलं. ती पुढं गेली.

आता पंगती बसतायत. मला तिथं बसवत नाही, म्हणून मोहाच्या झाडाखाली येऊन हे लिहितोय. फुलं पडायला लागलीत. वहीवर एक पडलं, चिकट डाग झाला.

काल आठवून बघितलं, ते कापलेलं बोलणं. दाब कुठं होता ते आता ऐकू येतं. कुठल्याच शब्दावर नव्हता. बाईनं अगदी हळू विचारलं होतं. हे कोणत्या टॅगनं दाखवतात ते सुरजला माहीत नसणार. आणि रंजीताला मी तेव्हा जे सांगायला हवं होतं ते वाक्य काल रात्रीपासून माझ्याजवळ आहे, छोटंसंच आहे, आणि त्याचं आता काही काम नाही.

बिरजू हाका मारत येतोय. हात पिठाचे.

"इथी काय लिहून राह्यला बे? चाल तिकडं."

"नंतर जेवतो, भाऊ."

"जेव नाई तं नको जेवू. तुही आई आली."

"कोणाची?"

"तुही. आशाबाई ना तिचं नाव? चामोर्शीहून निघाली काल, वडशाले कोण्या पाहुण्याकडं राह्यली, आता टेम्पोतून उतरली. थैलीत वाळवलेले वास्ते आहेत."

आई गडचिरोलीच्या पुढं कधी आली नाही. टेम्पोला तर ती घाबरते.

"काय म्हणून राह्यली?"

बिरजू हात झटकत उभा राहिला. मागं पंगतीकडं बघितलं.

"मले काही नाई म्हटलं. रंजीता वाढून राह्यली होती, तिच्याजवळ गेली. पायातली चप्पल काढली आणि इचारलं तिले, पोरी, मी कुठी बसू."